मागच्या माईकचा आवाज

आमच्या सभेत भाषण तापलं की साऊंडवाला आवाज उतरवतो. हे मी पुष्कळदा पाहिलंय. ज्या वाक्यासाठी लोक उन्हात बसलेले असतात, वक्ता नेमका त्या वाक्यावर आला की भोंगा खोकतो, शिट्टी मारतो आणि गप होतो. साऊंडवाला वायर हलवल्यासारखं करतो, पण डोळे पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्याकडे. कारण उद्या त्याच पुढाऱ्याच्या घरी लग्न असतं आणि मंडपही ह्याचाच असतो. पत्रक आपलं, छपाई आपली, मग आवाज भाड्याचा का, असं मी एका पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. छापून झाल्यावर वाटलं, आता हे करून दाखवलं पाहिजे.

जालन्याला माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. परतूरला एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, बाकीचा वेळ चळवळीचा. चळवळीतलं माझं काम म्हणजे पत्रकं लिहिणं आणि शाळाशाळांत जाऊन बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवणं. जिभेवर पेटता कापूर ठेवायचा, नारळातून ठिणगी काढायची, पोरांनी आ वासला की तिथल्या तिथं सगळं उलगडून सांगायचं. त्यात माझा हात बसलेला आहे. लोकांना फसवणाऱ्यांची मला खरोखर चीड आहे, आजही.

तर मी एक डेव्हलपमेंट बोर्ड मागवला. ताटाएवढा. मधोमध भोकाभोकांचा पांढरा पट्टा, त्यात आयसी, रेझिस्टन्स, कंडेन्सर नुसते खोचायचे, सोल्डरचा डाग द्यायची गरज नाही. कडेला फिरवायचे नॉब, जॅक, आणि अधिक-उणे बारा व्होल्टची वीज आयती. आवाजाच्या यंत्राचे सुटे सुटे तुकडे आधी ह्यावर जुळवून बघायचे, कानाला पटले की मग कायमचे डबीत बसवायचे. माझी कल्पना अशी की प्रत्येक कामाची डबी वेगळी. माईकची एक, आवाज गाळायची एक, मिसळायची एक. एक बिघडली तर ती काढा, दुसरी लावा, सभा चालू. साऊंडवाल्याचं तोंड बघायला नको.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी दुपारी हे करत बसायचो. पहिल्यांदा नॉब फिरवल्यावर माझाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, नंतर विहिरीतून आल्यासारखा, आणि मी एकटाच हसलो. इतका आनंद मला पत्रक लिहिताना कधी झाला नाही. चळवळीतल्या माणसानं असं म्हणू नये, पण झालं ते झालं.

आत्या आली ती ह्याच काळात. आष्टीच्या बाजूला तिचं गाव. तिथल्या बायकांच्या गायन पार्टीची ती मुख्य गायिका, माझ्या जन्माच्या आधीपासून. जयंतीला विहारापुढं स्टेज पडला की पांढरं लुगडं नेसून ती उभी राहायची आणि पहिल्याच ओळीला मागची माणसं चहा टाकून पुढं यायची. मागल्या वर्षी तिच्या गळ्याची गाठ काढली. गाठ गेली, पण आवाजाची नस दुखावली. बोलताना हवाच जास्त यायची, आणि वरच्या सुरावर गेली की आवाज फाटून बंद. डॉक्टरांनी जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात आवाजाचे व्यायाम घ्यायला सांगितलं होतं. ती एकदाही गेली नाही. आ, ऊ करायला मी काय बालवाडीतलं लेकरू आहे का, असं तिचं म्हणणं.

जयंती कमिटीतल्या पोरांनी तिला आडून सुचवलं होतं की यंदा गाणी पेन ड्राईव्हवर लावू, तुम्ही नुसतं दीप लावायला या. ते तिला लागलं होतं. माझ्या खोलीत बसून तिनं बोर्डाकडं बघितलं आणि विचारलं, ह्याच्यातून माझा आवाज मोठा व्हईल का. मी म्हणालो, मोठा होईल, पण फाटलेला फाटलेलाच राहील, फक्त मोठा. मग तिच्याबरोबर आलेल्या मावशीकडं माझं लक्ष गेलं.

ही मावशी आत्याची झीलकरीण. मुख्य गायिकेनं ओळ टाकली की तिचं शेपूट उचलून धरायचं, ताणायचं, तोवर गायिका श्वास घेते. ह्याला झील म्हणतात. मावशी वर्षानुवर्षं आत्याच्या पाठीमागं बसून झील देत आली. लोकांच्या शेतात खुरपायला जाते. सगळी गाणी पाठ, पण मुख्य ओळ कधी लोकांपुढं म्हणलेली नाही, कारण झीलकरणीनं ती म्हणायची नसते. आवाज मात्र आत्याच्याच वळणाचा झालेला, इतकी वर्षं तिच्या मागं लागून लागून.

मी दोन माईक जोडले. आत्याचा आवाज थोडा, मावशीचा थोडा, एकत्र. ते जमेना. आत्या श्वासाला थांबली तरी मावशीचा सूर लांबतच राहायचा, दोन बाया गाताहेत हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग मी पांढऱ्या पट्ट्यावर अजून दोन तुकडे उभे केले. एक तुकडा आत्याच्या आवाजाचा जोर मोजायचा आणि त्या मापानं वीज सोडायचा. दुसरा म्हणजे त्या विजेनं उघडणारं, मिटणारं दार. मावशीचा आवाज त्या दारातून यायचा. आत्यानं तोंड उघडलं, जोर लावला, की दार उघडं. आत्या थांबली की दार बंद. शब्द आत्याच्या ओठांवर, सूर मावशीच्या गळ्यातला, आणि मधे कुठं सांधा दिसेना.

मी नॉब फिरवत गेलो. आत्या कमी, मावशी जास्त. अजून थोडं. अजून थोडं. शेवटी आत्याचा आवाज पुरा उतरवला आणि फक्त दार उघडायला ठेवला. खोलीतल्या छोट्या स्पीकरमधून जे आलं ते ऐकून मी नॉबवरचा हात काढला. ती गाठीच्या आधीची आत्या होती.

आत्या पहिल्यांदा हसली. "अगं, ही तर मीच की."

मावशी म्हणाली, "मंग म्हण की. मला कुठं पुढं उभं राह्यचंय."

झालं, तिथं ठरलं. मला तेव्हा वाईट वाटायला पाहिजे होतं, पण मला अभिमान वाटला. सर्किट इतकं सुरेख चालत होतं की काही विचारावंसंच वाटलं नाही. आणि पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला कुठल्याही गोष्टीला चांगला शब्द सापडतो. मी मनात म्हणालो, हा सामूहिक आवाज आहे. ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज. ज्या बाईच्या गळ्यातून तो निघत होता तिला पडद्यामागं बसवायचं होतं, म्हणजे भोंग्याची शिट्टी येणार नाही, असं मी तिला कारण दिलं. ते कारण अर्धं खरं होतं.

जयंतीला आत्या गायली. गाणं म्हणजे काय, ओठ हलवले, हात केला, जोर लावला. मी स्टेजच्या कोपऱ्यात बोर्ड मांडीवर घेऊन बसलो होतो. पहिल्या ओळीला पेन ड्राईव्हवाली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. दुसऱ्या गाण्याला म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माईकवरून सांगितलं की आमच्या ताईंचा आवाज परत आला. टाळ्या थांबेनात. मी पडद्याकडं बघितलं. मावशी पाणी पीत होती.

आवाज परत आला, हे वाक्य मी तिथं उभं राहून खोडायला पाहिजे होतं. शाळेत मी ते करतोच. पण आत्याचा चेहरा खुललेला होता, आणि लोक खूश होते, आणि सांगितलं तर बोर्ड कसा चालतो हे समजावत बसावं लागलं असतं. मी वायरी गुंडाळल्या.

कुणीतरी मोबाईलवर केलेला व्हिडिओ फिरला. आष्टी, परतूर, पार शहागडपर्यंत. शहागडहून एक मॅडम आल्या त्या हा व्हिडिओ बघूनच. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, शेतकरी घरातल्या, चाळिशीच्या. एकट्या एस.टी.नं आल्या, विचारत विचारत आत्याचं घर शोधलं. मी योगायोगानं तिथंच होतो. त्या बोलायला लागल्या आणि मी चपापलो. तेच ऑपरेशन, तीच हवा, तोच फाटका आवाज. वर्गातल्या मागच्या पोरांना त्यांचं बोलणं ऐकू जात नव्हतं. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं की जूनमध्ये शाळा उघडल्यावर बघू. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला तर वर्ग तुमचा, न्हाई तर ऑफिसात बसा, खिचडीचा हिशेब बघा. जालन्याला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं त्या दर आठवड्याला जात होत्या, पण फरक हळू पडत होता. त्यांना आत्याला एकच विचारायचं होतं. तुम्ही काय घेतलं?

घरात चूल पेटलेली होती. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चहाचे कप भरत होतो. भरतच राहिलो.

आत्या म्हणाली, "जेष्ठमध. सकाळी तोंडात धरायचा. आन दिसभर गप राह्यचं, बिलकुल बोलायचं न्हाई."

मॅडमनी पर्समधून कागद काढून लिहून घेतलं. ज्येष्ठमध किती, गरम पाण्यात की तसाच, सगळं विचारलं. आत्या सांगत गेली. एकदा खोटं बोललं की ते किती सविस्तर होत जातं, हे मी बाबा-बुवांच्या बाबतीत पोरांना नेहमी समजावून सांगतो. जाताना मॅडमनी मला नमस्कार केला. मला वाटलं, घरातला म्हणून केला असेल.

त्या गेल्यावर मी आत्यावर चिडलो. तिनं मला वेड्यात काढलं. म्हणाली, तू व्हतास की हितं. तुझ्या तोंडात काय जेष्ठमध व्हता?

त्यानंतर मी बोर्डाला हात लावला नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. लावला. दाराचा तुकडा डबीत बसवला, डाग पक्के दिले. आत्याला दोन गावांतून बोलावणं आलं आणि दोन्हीकडं आम्ही तिघं गेलो. आत्याला आता मी असल्याशिवाय कुठं जाता येईना. मावशीला एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागायचं, आणि हार आत्याला. शोषण म्हणजे काय, हे चार ओळींत समजावणारं पत्रक मी त्याच महिन्यात लिहिलं. ते चांगलं झालं होतं, लोक अजून मागतात.

मग एका दुपारी आत्याचा फोन आला. मॅडमचा तिला फोन आला होता. आवाज अजून सुटत नाही, ज्येष्ठमध वाढवू का, असं विचारत होत्या. आणि बोलता बोलता सांगितलं की दिवसभर गप राहायचं म्हणून त्यांनी जालन्याला जायचं सोडून दिलंय. तिथं आवाज काढायला लावतात ना.

"आता काय करायचं रं?" आत्या म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज, हवेचा. फोनवर तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहागडला गेलो. आत्या, मावशी, मी आणि पिशवीत बोर्ड. मॅडमचं घर हायवेला लागून. ट्रक गेला की भिंतीवरचं घड्याळ, मांडणीतली ताटं, सगळं थरथरायचं. मॅडम काही सांगायला तोंड उघडायच्या आणि ट्रक आला की थांबायच्या, तो जाईपर्यंत वाट बघायच्या. त्यांना ती सवय झालेली दिसली. गप राहायचं म्हणून आधी त्या खुणेनंच बसा म्हणाल्या.

मी दिवाणावर बोर्ड मांडला. दोन माईक, छोटा स्पीकर. मावशीला त्यांच्या स्वैपाकघरात बसवलं, आत्याला पुढं. मनात म्हणत होतो, शाळेत करतो तसंच. प्रयोग दाखवायचा आणि उलगडायचा. आत्यानं ओठ हलवले आणि स्पीकरमधून तो जुना आवाज आला. मॅडमचे डोळे भरले. मला वाटलं होतं त्यांना यंत्र दिसेल. त्यांना आत्याच दिसत होती.

मग मी स्वैपाकघराचा पडदा सरकवला.

मावशी ओट्याला टेकून, माईक धरून, डोळे मिटून गात होती. पडदा सरकला हे तिला कळलं नाही. ओळ पुरी झाल्यावर तिनं डोळे उघडले, आम्हाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मी बोलायला लागलो. हा तुकडा जोर मोजतो, हे दार, ही वीज इकडून जाते. माझं बोलणं छान होतं, तेच माझं दुखणं आहे. मॅडमनी वर्गात एखाद्या पोराला गप करतात तसा हात वर केला. ट्रक जात होता. तो गेला. मग त्या त्यांच्या त्या हवेच्या आवाजात म्हणाल्या,

"तुम्ही आमच्या शाळेत आले होते. जिभेवर कापूर पेटवला होता. पोरं अजून सांगतात."

मला शाळा आठवेना. इतक्या शाळा झाल्यात.

"व्हिडिओत तुम्ही कोपऱ्यात बसलेले दिसले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खोटं असतं तर हा पोरगा तिथं बसला नसता. आमचे मिस्टर म्हणत होते, असं कुठं असतं का. मीच त्यांना म्हणाले, तो मुलगा होता तिथं."

आत्या खाली बघत होती. मी म्हणालो, मॅडम, चुकलं. त्यांनी विचारलं, कुणाचं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा मला असं झालं की शब्द होते आणि आवाज निघाला नाही. निघाला असता तर चळवळ, परिस्थिती, आत्याची भावना, कमिटीची पोरं असलं काहीतरी निघालं असतं. मावशीच म्हणाली, आम्हा तिघांचं बाई, मी बी व्हतेच की मागं. मला ते सहन झालं नाही. तिचं त्यात काय होतं?

मग मला सुचलं ते सगळ्यात वाईट. मी म्हणालो, मॅडम, मी तुम्हाला साधं यंत्र करून देतो, कमरेला लावायचं, छोटा माईक, मधे काहीच नाही, तुमचाच आवाज नुसता मोठा. जूनच्या आत देतो. खर्च माझा.

"तुमच्या हातची वायर माझ्या गळ्यात नको," म्हणाल्या.

मी बोर्ड पिशवीत भरायला लागलो. तेव्हा आत्या उठून मॅडमजवळ जाऊन बसली आणि विचारलं की जालन्याच्या त्या बाई नव्या माणसाला घेतात का. मला बी डॉक्टरनं सांगितलं व्हतं, म्हणाली, मी गेले न्हाई. मॅडम म्हणाल्या, सकाळची बस धरा, जालन्याच्या स्टँडवर बराबर वेळेवर या. मी कुणासाठी थांबत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मॅडमचा वर्ग दुसऱ्याला दिला आणि त्यांना ऑफिसात बसवलं. मुख्याध्यापकांनी म्हणे दारात उभं राहून ऐकलं, मागच्या बाकापर्यंत काही गेलं नाही. हे कळलं त्या दिवशी मी कागद ओढला आणि पत्रक लिहायला बसलो. आजारी शिक्षिकेवर अन्याय. मुख्याध्यापकांना जाब विचारा. हात आपोआप चालत होता. जबाबदार कोण, ह्या मथळ्याशी आलो आणि पुढं लिहिता येईना. त्यांचे ते आठवडे कुणी घालवले, ह्याचं उत्तर मुख्याध्यापकांकडं नव्हतं. मी कागद फाडला. एवढं एकच पत्रक मी अर्ध्यावर टाकलंय.

आत्या दर आठवड्याला जाते. परतूरला बस बदलते. पुढं अंबडच्या बाजूनं येणाऱ्या मॅडम तिला जालन्याच्या स्टँडवर भेटतात. जयंत्यांची, वर्षावासाची बोलावणी आत्यानं नाकारली. पार्टीत आता मुख्य ओळ मावशी म्हणते आणि आत्या मागं बसते. झील देताना तिचा आवाज मधेच फाटतो, लोक कुजबुजतात की बाईला पुन्हा काय झालं. मी उभं राहून सांगितलं, दोन गावांत सांगितलं, की तेव्हा गायली ती ही, मावशी. लोक ऐकून घेतात. नंतर बाजूला घेऊन विचारतात, ते मशीन केवढ्याला पडतं.

मॅडम आता रिकाम्या वर्गात जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून बघतात, असं आत्या सांगते. आवाज कुठवर जातो, ते मी विचारलं तर सांगत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला म्हणालो, मी येतो तुझ्याबरोबर जालन्याला. बाहेर बाकड्यावर बसतो. तुला पिशवी धरायला कुणी नको का?

ती बसच्या पायरीवर होती. "तू नको येऊ," म्हणाली. "तिथं आम्हाला आवाज काढावा लागतो. तू असला की लाज वाटती."